परजीवी ज्या 'पुड्या' सोडतात त्यांच्याविषयी

टिटवी (धागाकर्ती)

मागे डासांच्या धाग्यावर मी बोलता बोलता "परजीवी पुड्या सोडतात" असं लिहून गेले आणि तिघाचौघांनी "म्हणजे नक्की काय?" म्हणून धरलं. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा. मोबाइलवर टंकतेय, चुका पोटात घाला.

आधी एक रात्र सांगते. साल १९९९. नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रकल्पाच्या निमित्ताने हत्तीरोगाच्या रात्रपाहणीच्या पथकाबरोबर हिंडायला मिळायचं. ही पाहणी रात्रीच करावी लागते. हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं, म्हणजे सूक्ष्मकृमी, दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास अंगभर रक्तात उतरतात. त्यांना वाहून नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, त्याच्या वेळेला यांची वेळ जुळलेली. तर नऊ-साडेनऊला आम्ही गावात शिरायचो. पुढे कुत्री, मागे पोरं. बोटाला टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा जाडसर थर द्यायचा, नंबर टाकायचा, पट्ट्या लाकडी पेटीत रचायच्या. रंगवून बघायचं काम दुसऱ्या दिवशी.

त्या रात्री पथकातल्या तंत्रज्ञ काकांनी मला दाखवायचं म्हणून एक ओला थेंब तसाच घेतला, वर झाकणकाच ठेवली आणि एका घराच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला. मी डोळा लावला. लाल पेशींच्या गर्दीत एक पारदर्शक दोरा वळवळत होता, आजूबाजूच्या पेशींना ढुशा देत. लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. ज्याचं रक्त होतं तो पस्तिशीचा शेतकरी शेजारीच उभा होता. त्यालाही बघायचं होतं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे माह्या आंगात हाय? मले त काईच नाही होत जी. आजबी दिवसभर फवारणी केली."

खोटं नव्हतं ते. या कृमीची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते, लसीकावाहिन्यांत (लिम्फच्या नळ्यांत) वर्षानुवर्षं राहते आणि लाखांनी पिल्लं सोडते. बाभळीचा काटा रुतला तर संध्याकाळपर्यंत बोट ठणकायला लागतं, आणि इथे वीतभर नाही तरी बोटभर लांबीचे जिवंत प्राणी आत नांदतायत तर शरीर गप्प. का गप्प? याचं एक उत्तर (एकमेव नव्हे) म्हणजे या पुड्या.

पेशी आपल्या आवरणाचेच इवले फुगे करून बाहेर सोडते. मराठीत त्यांना पेशीबाह्य पुटिका म्हणतात, पण मला पुडी हाच शब्द आवडतो. एक तर आकार तसाच, वरून कागद आणि आत माल. दुसरं म्हणजे पुडी सोडणे याचा आपल्याकडे जो अर्थ आहे, तोही इथे बसतो. कसा ते पुढे येईलच. सर्वांत लहान पुड्या, एक्झोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. आपली लाल रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची, म्हणजे अंदाज येईल. एक्झोसोम पेशीच्या आतल्या एका पिशवीत आधी तयार होतात आणि ती पिशवी पेशीच्या भिंतीला चिकटून फुटली की बाहेर सांडतात. दुसऱ्या, थोड्या मोठ्या, थेट भिंतीलाच कोंब फुटून सुटतात.

१९८३ साली मेंढीच्या कच्च्या लाल पेशींचा अभ्यास करताना या पहिल्यांदा नीट दिसल्या. पेशी पक्व होताना नको असलेले ग्राहक-रेणू त्यातून बाहेर टाकत होती. म्हणून पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याकडे पेशीचा केर म्हणूनच बघितलं गेलं. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गटाने दाखवलं की या केरात आरएनए (जनुकांचा निरोप नेणारा रेणू) आहे आणि तो दुसऱ्या पेशीत गेल्यावर कामालाही लागतो. त्यानंतर ज्याने त्याने आपापल्या जीवाकडे वळून बघितलं. हिवतापाचा प्लाझ्मोडियम, काळाआजाराचा लीशमॅनिया, आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा, यकृतातला पर्णकृमी, हत्तीरोगाचा कृमी, सगळेच पुड्या बांधताना सापडले.

हत्तीरोगाचं काम बहुतेक ब्रुगिया मलायी या चुलतभावावर होतं. आपल्याकडचा हत्तीरोगाचा मुख्य कृमी, वुचेरेरिया, प्रयोगशाळेतल्या लहान प्राण्यांत नांदत नाही, ब्रुगिया नांदतो. (केरळात माणसांत सापडतो तो हाच.) २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की डासातून माणसात शिरणारी ब्रुगियाची अळी भराभर पुड्या सोडते, आणि आपल्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, त्या गिळतात. आत काय? इतर मालाबरोबर लेट-७ नावाचा मायक्रोआरएनए. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण बावीस अक्षरांची चिठ्ठी, जी पेशीतल्या ठरावीक जनुकांचं काम मंदावते. आता गंमत बघा, लेट-७ कृमीतही असतो आणि माणसातही, अक्षर न् अक्षर तोच. म्हणजे बाहेरच्याने पाठवलेल्या चिठ्ठीवर घरातल्याचीच सही. झाली की नाही पुडी सोडणे?

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच, ते. आयव्हरमेक्टिन हे कृमींवरचं औषध दिलं की रक्तातले बहुतेक सूक्ष्मकृमी एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. पण तेच सूक्ष्मकृमी बशीत ठेवा, रक्तात चढतं तेवढंच औषध त्यात घाला, ते मजेत वळवळत राहतात. मारायला कितीतरी पट जास्त मात्रा लागते. मग शरीरात मारतं कोण? २०१० मध्ये असं दिसलं की हे औषध ज्या ग्लुटामेट-क्लोराइड वाहिन्यांना (पेशीच्या आवरणातल्या दारांना) पकडतं, त्या सूक्ष्मकृमीच्या उत्सर्जन-छिद्राभोवतीच्या स्नायूपाशी एकवटलेल्या आहेत, आणि औषध दिल्यावर त्याचे स्राव घटतात. २०१८ मध्ये त्याच आयोवाकरांनी पुढचं मोजलं, की वेगवेगळ्या अवस्थांतल्या कृमींच्या पुड्यासुद्धा आयव्हरमेक्टिनने कमी होतात. म्हणजे औषधाने कृमीचं तोंड बंद केलं. पुड्या थांबल्या तशी आपली प्रतिकारयंत्रणा भानावर आली आणि पुढचं काम तिने उरकलं. शेवटचा दुवा अजून अनुमानच आहे, पण बशीतलं कोडं सुटतं ते याच वाटेने, असं माझं मत.

---

सांडगी_मिरची

म्हणजे पुड्या सोडण्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकटे नाहीत तर. वाचतेय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

शंकासुर

लेख चांगला, पण माझं काम मी करतो.

पेशी म्हटलं की ती तुटणार, झिजणार, मरणार. तुकडे पडणारच. स्निग्ध आवरणाचा तुकडा पाण्यात पडला की आपोआप गोल होतो, साबणाच्या फुग्यासारखा. त्याला पाकीट म्हणायचं, त्यात चिठ्ठी आहे म्हणायचं, मग पाठवणाऱ्याचा हेतू शोधायचा, हे सगळं जरा जास्त होत नाही का? इतकी वर्षं केर म्हणणारे लोक मूर्ख नव्हते.

---

कांगारू_ओक

शंकासुर, मुद्दा रास्त आहे. मी मेलबर्नमध्ये याच पुड्या गोळा करून पोट भरते (हिवतापाच्या), म्हणून आतली गोष्ट सांगते.

संसर्ग झालेल्या रक्तपेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या. वरचं पाणी काढून ते सेंट्रिफ्यूजमध्ये टप्प्याटप्प्याने फिरवायचं. आधी हळू, म्हणजे पेशी खाली बसतात. मग जोरात, म्हणजे मोडतोड बसते. शेवटी गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोर, तास-दीड तास. एवढं करून नळीच्या तळाला काय दिसतं? काहीही नाही. खरंच काही दिसत नाही. म्हणून नळी आत ठेवतानाच बाहेरच्या बाजूला मार्करने टिंब करून ठेवायचं, की माल असलाच तर इथे असेल. मग देवाचं नाव घेऊन त्या टिंबापाशी थेंबभर द्रावण फिरवायचं. पहिल्या वर्षी मी दोनदा माल सिंकमध्ये ओतला आणि रिकाम्या नळीची पूजा केली. आमच्या प्रमुख बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवीन मार्कर ठेवलेला होता.

आणि जे मिळतं त्यात फसायच्या जागा भरपूर. पेशी वाढवायला गाईचं सीरम वापरलं असेल तर त्यातल्या गाईच्या पुड्या तुमच्या मालात. रक्तातले लायपोप्रोटीन, म्हणजे चरबी वाहणारे कण, त्याच मापाचे, तेही आत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुड्या मधे खळगा पडलेल्या वाटीसारख्या दिसतात, जुन्या शोधनिबंधांत 'वाटीसारखा आकार' हीच ओळख सांगितलेली असायची. प्रत्यक्षात तो खळगा नमुना वाळवल्यामुळे पडतो, मुळात त्या गोलच असतात. या गोंधळामुळेच या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान काय काय दाखवायचं याची नियमावली काढली, २०१४, मग २०१८, मग २०२३.

मग केर नाही हे कशावरून? वरून प्रथिनं पचवणारा विकर (एन्झाइम) सोडला तरी आतला माल शाबूत राहतो, पण आधी आवरण फोडून मग सोडला तर नष्ट होतो. म्हणजे माल आत बंद आहे, चिकटलेला नाही. मालात निवड असते, जे पेशीत भरपूर ते पुडीत भरपूर असा हिशेब लागत नाही. आणि पुडी बांधायची यंत्रणा जनुकीय पातळीवर बिघडवली की समोरच्या पेशीतला परिणाम घटतो. हेतू मीही म्हणणार नाही. उत्क्रांतीत केराचाच उपयोग झाला असेल. शेणाचं नाही का, आधी शेण, मग गोवऱ्या.

---

शंकासुर

गोवऱ्या पटल्या. बसतो.

---

मोहफूल

मी गडचिरोलीत प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा वर्षं काढली. महाराष्ट्रातला हिवताप बराचसा आमच्याच वाट्याला. आशाताई पाड्यावरच किटने तपासणी करायची, दोन रेघा आल्या की तिथेच गोळ्या सुरू.

कांगारूताई, एक विचारायचं आहे. फाल्सिपॅरमचा (हिवतापाच्या एका परजीवीचा) ताप येतो तेव्हा रुग्ण डासाला फारसा उपयोगी नसतो, डासात जाणारे नर-मादी (गॅमेटोसाइट) नंतर दिसायला लागतात. त्यासाठी आम्ही प्रायमाक्वीनचा डोस देतो. हे नर-मादी कधी बनवायचे ते परजीवी ठरवतो कसं? त्यात पुड्यांचा हात आहे असं ओझरतं वाचलं होतं.

---

कांगारू_ओक

आहे. २०१३ मध्ये यावर दोन शोधनिबंध एकाच सुमारास आले, एक आमच्याच शहरातून, दुसरा हार्वर्डमधून. दोघांनाही दिसलं की संसर्ग झालेल्या रक्तपेशी पुड्या सोडतात, त्या इतर संसर्ग झालेल्या पेशींत शिरतात, आणि मग गॅमेटोसाइट जास्त बनतात. म्हणजे "इथे गर्दी झाली, आता दुसरं घर शोधा" असा निरोप. तोवर प्रत्येक परजीवी आपापल्या रक्तपेशीत एकटा कोंडलेला आहे असंच चित्र होतं.

मेलबर्नच्या कामातला प्रयोग मला फार आवडतो. परजीवींचे दोन वाण घेतले. एकात एका औषधाला दाद न देणारं जनुक घातलं, दुसऱ्यात दुसऱ्या औषधाला. दोन्ही एकत्र वाढवले आणि दोन्ही औषधं टाकली. खरं तर दोन्ही मरायला हवेत, प्रत्येकाकडे एकच ढाल. पण काही जगले. एकमेकांची ढाल त्यांनी पुड्यांतून पोचवली होती, डीएनए सकट.

आणखी एक, २०२१ चं. या पुड्यांत प्रथिनं तोडणारी यंत्रणा, प्रोटिअसोम, सापडली. ती निरोगी लाल पेशीत शिरून तिच्या आतला सांगाडा सैल करते, पेशी मऊ पडते, आणि परजीवीला आत घुसणं सोपं जातं. पाहुणे यायच्या आधी कुणीतरी येऊन कडी काढून ठेवावी तसं.

---

शंकासुर

परत आलो. ढालीच्या प्रयोगातलं जनुक वैज्ञानिकांनीच सुट्या डीएनएच्या कड्यावर (प्लाझ्मिड) बसवून घातलं होतं ना? जंगलातल्या परजीवीत आर्टेमिसिनीन या हिवतापावरच्या औषधाला दाद न देणारा जो बदल आहे, केल्च-१३, तो त्याच्या गुणसूत्रात आहे. तो असा पुडीत बांधून देता येईल? गडचिरोलीचे लोक उगाच घाबरायचे.

---

कांगारू_ओक

शंभर टक्के बरोबर. तो प्रयोग "वाट आहे" एवढंच दाखवतो, "गावात असंच घडतं" असं नाही. प्रतिरोध पसरतो तो मुख्यतः डासातल्या संकरातून आणि चुकीच्या किंवा अर्धवट औषधोपचारातून. मोहफूल, गोळ्यांचा कोर्स पुरा करून घेत राहा.

---

हावडा_मेल

गेली अकरा वर्षं कोलकात्यात, त्यामुळे इथल्या लोकांची बाजू मांडणं माझं कर्तव्य. काळाआजार राहिला की.

जाधवपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीचं २०१३ चं काम आहे. काळाआजाराच्या रुग्णांचं कोलेस्टेरॉल खूप खाली असतं हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. पण का, ते नीट कळत नव्हतं, कारण लीशमॅनिया यकृतात राहतो तो तिथल्या भक्षक पेशींत. कोलेस्टेरॉलचं काम बघणाऱ्या यकृतपेशींत तो राहतच नाही. स्वयंपाकी वेगळा, चोर वेगळ्या खोलीत, आणि स्वयंपाक बिघडतोय.

तर झालं असं की परजीवीच्या पुड्यांतून जीपी६३ नावाचं प्रथिनं कापणारं विकर शेजारच्या यकृतपेशीत जातं. तिथे ते डायसर-१ ला कापतं. डायसर म्हणजे मायक्रोआरएनए कापून तयार करणारी कात्री. कात्रीच तुटली की यकृतातला मायक्रोआरएनए-१२२ कमी पडतो, आणि त्यावर अवलंबून असलेलं कोलेस्टेरॉलही घसरतं. उंदरांच्या यकृतात तो मायक्रोआरएनए परत भरून दिला तर कोलेस्टेरॉल चढलं आणि परजीवींची संख्या उतरली. परजीवी त्या पेशीच्या दारातही गेला नव्हता!

जाता जाता, काळाआजारावरचं युरिया स्टिबामीन शोधणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी याच शहरातले. इथे कुणालाही विचारा, पहिली दहा मिनिटं त्यांना नोबेल कसं मिळायला हवं होतं यात जातात. बरोबरच आहे म्हणा.

---

टिटवी

वा, हे मी लिहायला हवं होतं. त्यात माझी भर एवढीच. लीशमॅनिया वालुमाशीच्या पोटात असतो तेव्हा गार असतो, माणसात शिरला की एकदम ३७ अंश. प्रयोगशाळेत नुसतं तापमान चढवलं तरी त्याच्या पुड्या वाढतात. आणि कॅनडातल्या मॅकगिलच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की माशीच्या आतड्यातही तो पुड्या सोडतो, आणि चावताना परजीवींबरोबर त्या पुड्याही कातडीत जातात. उंदरात परजीवींबरोबर पुड्या टोचल्या तर चट्टा मोठा होतो. म्हणजे सैन्याच्या आधी नाही, तर सैन्याबरोबरच अफवा पसरवणारे.

निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाचं तर भलतंच आहे. त्याच्या शेपटीतून (फ्लॅजेलम) बारीक नळ्या फुटतात, त्यांचे तुकडे पडून पुड्या होतात, त्या लाल पेशींना चिकटून मिसळतात. मग पेशीचं आवरण बदलतं आणि शरीर स्वतःच्याच लाल पेशी काढून टाकायला लागतं. त्या रोगातल्या पंडुरोगाचं हे एक कारण, २०१६ चा शोध.

---

पारिजातक

माझा प्रश्न इतका उच्च नाही. माझ्या त्वचेच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये 'एक्झोसोम फेशियल' म्हणून पाटी लागलीय. एका बैठकीला माझा अर्धा महिन्याचा किराणा. हेच का ते एक्झोसोम? कृमीचे नाहीत ना?

---

टिटवी

हाहा, कृमीचे नाहीत, निश्चिंत राहा. ते बहुधा मूलपेशींचे किंवा वनस्पतींचे असतात. नाव एकच, दुकान वेगळं. वर कांगारूने लिहिलंय तसं शुद्ध पुड्या गोळा करणं हे चांगल्या प्रयोगशाळेतही जिकिरीचं काम आहे, मग त्या बाटलीत काय आणि किती आहे हे कोण मोजतं ते विचारा. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या डिसेंबरमध्ये एक्झोसोमच्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला होता, मंजुरी नसताना टोचल्यामुळे रुग्णांना गंभीर त्रास झाला म्हणून. मी असते तर किराणा भरला असता.

---

भोपळेकर

आयव्हरमेक्टिनचं नाव निघालंच आहे तर, कोविडमध्ये आमच्या गोव्यात १८ वर्षांवरच्या सगळ्यांना ते द्यायचं जाहीर झालं होतं, मे २०२१. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते प्रतिकारशक्ती जागी करतं, मग विषाणूवरही चालायला काय हरकत होती?

---

टिटवी

भोपळेकर, यावर इथे दोनशे प्रतिसादांचा धागा पेटून विझलाय, तो परत नको. फक्त वरचं नीट वाचा. औषध आपली प्रतिकारशक्ती जागी करत नाही. ते कृमीच्या वाहिन्या पकडून कृमीला गप्प करतं. विषाणूला ना स्नायू, ना त्या वाहिन्या, ना उत्सर्जनाचं छिद्र. गप्प कुणाला करणार? जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वेळी चाचण्यांबाहेर कोविडसाठी ते वापरू नका म्हणून सांगितलं होतं. कृमीसाठी मात्र ते हिरा आहे, ते शोधणाऱ्या कॅम्बेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल उगाच नाही मिळालं.

---

भोपळेकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

नऊवारी

टिटवीताई, पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझ्या आजीचा उजवा पाय हत्तीपाय होता. भंडारा जिल्ह्यातलं गाव. नऊवारीचा काठ ती कायम उजव्या बाजूने खाली सोडायची, लग्नाच्या फोटोंतही उभी राहायची ती कुणाच्या तरी मागे. मी लहान असताना मला वाटायचं, आजीला पुढे यायला आवडत नाही.

तिने गोळ्या घेतल्या होत्या, दरवर्षी वाटायला यायचे त्या. पाय काही उतरला नाही. शेवटी शेवटी तर ती म्हणायची, या गोळ्या सरकारच्या समाधानासाठी आहेत. तुमच्या या पुड्यांच्या हिशेबात तिचं कुठे चुकलं?

---

टिटवी

नऊवारी, आजीचं काहीच चुकलं नाही.

गोळ्या कृमीसाठी असतात, पायासाठी नाही. पाय सुजायला लागतो तोवर लसीकावाहिन्या आतून ताणून, सैल पडून निकामी झालेल्या असतात. कृमी बऱ्याचदा तेव्हा हयातही नसतो. घरातला भाडेकरू गेला तरी त्याने फोडलेली मोरी फुटकीच राहते, तसं. उलट त्या शेतकऱ्यासारखे, ज्यांना काहीच होत नाही, त्यांच्या रक्तात सूक्ष्मकृमी भरलेले असतात, आणि डास भरतो तो त्यांच्याकडून. आजीने घेतलेल्या गोळ्या पुढच्या पिढीसाठी होत्या. तुमच्या पायासाठी, असंही म्हणता येईल.

सुजलेल्या पायाला खरा उपाय साधा आणि कंटाळवाणा असतो. रोज साबणाने धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिरा-जखमांना मलम, रात्री पाय उंच ठेवणं. मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, तो त्या चिरांतून शिरलेल्या जिवाणूंमुळे, आणि प्रत्येक अशा तापाने पाय आणखी जाड होतो. हे कुणी आजीला सांगितलं नसेल, तर चूक सांगणाऱ्यांची.

---

नऊवारी

तो ताप यायचा तिला. दर अमावास्येला येतो म्हणायचे घरात. पाय धुवायचं कुणीच सांगितलं नव्हतं.

आता काकूच्या पायाला जरा सूज दिसते. आजच फोन करते.

---

मोहफूल

काकूंना आधी डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक सूज हत्तीरोगाची नसते. आणि आता रात्री रक्त द्यायची सक्ती नाही, कृमीचा प्रतिजन ओळखणारी पट्टी निघाली आहे, ती दिवसाच्या रक्तावरही चालते. पण पाय आधीच सुजलेला असेल तर पट्टी कोरी येऊ शकते, टिटवीताईंनी वर सांगितलंय त्याच कारणाने.

टिटवीताई, त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत. आणि पट्टीसारखीच या पुड्यांची तपासणी निघेल का कधी?

---

टिटवी

पुड्यांतला कृमीचा मायक्रोआरएनए रक्तात शोधायचे प्रयत्न चालू आहेत, पण तुमच्या केंद्राच्या फडताळात ठेवण्याजोगं अजून काही नाही. स्वस्तात, विजेशिवाय, दहा मिनिटांत उत्तर देणारं झालं तरच उपयोग.

शेतकऱ्याचं सांगते. त्या काळी डीईसी नावाच्या कृमींवरच्या गोळ्या द्यायचे, आयव्हरमेक्टिन आपल्या हत्तीरोगाच्या मोहिमेत फार नंतर आलं. (तीन औषधं एकत्र द्यायला देशात ज्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, त्यांत आपलं नागपूर होतं.) पट्टी रंगवल्यावर त्याच्या रक्तात सूक्ष्मकृमी खच्चून निघाले आणि काका त्याला गोळ्या देऊन आले. दोन दिवसांनी आम्ही शेजारच्या गावाला जाताना तो रस्त्यातच भेटला, सायकल आडवी घालून. डोळे लाल, अंगावर घोंगडं. "धडधाकट होतो मी. तुमच्या गोळीनं रातभर ताप, आंग असं मोडून आलं. मले बीमार कोनं केलं? तुमी."

काका सायकलवरून उतरले, बिडी पेटवली, त्यालाही दिली. म्हणाले, "ताप आला ना? मंग गोळी लागली. तुह्या आंगाले आता कळलं, घरात कोन घुसून बसलं होतं ते." मी तेव्हा मनात हसले होते, हे काय शास्त्र! नंतर वाचलं. औषधानंतरचा तो ताप खरोखरच सूक्ष्मकृमी मरताना, त्यांच्या अंगातले वोल्बाकिया जिवाणू बाहेर पडल्यावर, शरीर खवळतं त्याचा असतो. रक्तात कृमी जितके जास्त, तितका ताप जास्त. डीईसीची रीत आयव्हरमेक्टिनपेक्षा वेगळी, त्यामुळे पुड्यांचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका. पण काकांचं वाक्य चुकीचं नव्हतं.

बिडी संपेपर्यंत तो बसला. मग विचारलं, उरलेल्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या का नंतर.

---

सांडगी_मिरची

नंतर ना?

---

टिटवी

नंतर. उपाशीपोटी नाही.